एका दिवसापुरते : ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचे एक वाचन

‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले बहुधा सर्वांत लाडके आत्मचरित्र. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग निघाले. लक्ष्मीबाई टिळक २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या आणि शेवटच्या भागाला त्यांचे चिरंजीव देवदत्त यांचा हात लागला. तेव्हापासून या पुस्तकाचे कौतुक करताना आपण तीन गोष्टी सांगत आलो आहोत : लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची घरगुती मराठी आणि त्यांचे निर्मळ मन. तिन्ही खऱ्या आहेत. पण लिहिताना ही बाई ख्रिस्ती होती, तीस-पस्तीस वर्षे ख्रिस्ती उपासनेच्या वळणाने तिचे दिवस जात होते, ही बाब आपल्या समीक्षेत केवळ चरित्रातली एक नोंद म्हणून येते. टिळकांचे धर्मांतर हा कथेतला मोठा प्रसंग ठरतो. त्यानंतरची श्रद्धा मात्र जणू माजघरातच राहते. रेव्हरंड टिळकांचेही आपण असेच केले. त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून पाठ्यपुस्तकात बसवले आणि ‘अभंगांजली’ चर्चवाल्यांकडे सोपवून आपण मोकळे झालो.

मला इथे वेगळे वाचन सुचवायचे आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे श्रद्धेचे पुस्तक आहे, आणि ती श्रद्धा धर्मांतराच्या दिवसात कमी, त्याआधीच्या आणि नंतरच्या रोजच्या दिवसांत जास्त आहे. ती ओळखायची तर आधी एक सवय सोडावी लागते. ख्रिस्ती अनुभव म्हणजे एका तारखेला घडणारी गोष्ट, ही ती सवय.

तिला कारणे आहेत. धर्मांतराच्या कथांचा साचाच तारखेचा आहे. दमास्कसच्या वाटेवरचा पौल, बागेत झाडाखाली रडणारा ऑगस्टीन. सगळे एका क्षणावर येऊन ठेपते. आपल्याकडे बाबा पदमनजींनी आत्मचरित्राला ‘अरुणोदय’ हे नाव दिले. त्या नावातही अंधार संपून एकदाच फटफटणारी पहाट आहे. टिळकांची गोष्ट तर सांगणाऱ्याला मोहात पाडणारी. १८९३ साली आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटतो, हातात ‘नवा करार’ ठेवतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करतो. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. नाटककाराला याहून काय हवे? कीर्तनकारालाही हेच हवे, आणि मिशनच्या अहवालालाही.

पण बायबलमध्ये दुसरी एक धार आहे, तारखेची नसून रोजची. निर्गमाच्या पुस्तकात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना आकाशातून मान्ना मिळतो, तो एका दिवसापुरता. धास्तीने कोणी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडतात. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा आहे. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो, की बाहेरचे शरीर झिजत असतानाच आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत जातो; आणि ते सांगणाऱ्याने मार, कैद, उपासमार सोसलेली आहे. विलापगीतातला दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. देवाची करुणा रोज सकाळी नवी असते, हे ख्रिस्ती घरांत भिंतीवर लावले जाणारे आश्वासन त्या पुस्तकात येते ते मधोमध. पाच शोकगीतांपैकी तिसऱ्यात. त्यानंतर चौथे आणि पाचवे गीत पुन्हा पडलेल्या यरुशलेमेत, भुकेल्या मुलांपाशी परततात आणि पुस्तक संपते ते प्रश्नावर. म्हणजे आश्वासनाने दुःख मिटत नाही. ते दुःखाच्या पोटात येते, आणि दुःख पुढे चालूच राहते. भिंतीवरची चौकट हे सांगत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतही मागणी आहे ती आजच्या अन्नाची, आणि मराठी बायबलने तिथे ‘भाकर’ हा शब्द योजला. ‘अन्न’ चालले असते. ‘पाव’ पोर्तुगिजांबरोबर आलेलाच होता. पण भाषांतराने ज्वारी-बाजरीच्या मुलखातला शब्द घेतला आणि प्रार्थना थेट चुलीशी नेऊन बसवली. नगर जिल्ह्यात, जिथे दर काही वर्षांनी पाऊस पाठ फिरवतो, या शब्दाला वजन होते. त्याला टोचणीही होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत जे ख्रिस्ती झाले त्यांना ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. टोमणा मारणाऱ्याला प्रार्थनेतली भाकर आध्यात्मिक वाटे आणि दुष्काळग्रस्ताच्या हातातली भाकर लाच. हा भेद त्या प्रार्थनेतच नाही, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

आता ‘स्मृतिचित्रे’कडे येऊ. पुस्तक सुरू होते ते वडिलांच्या, नानांच्या सोवळ्याने. १८५७ नंतरच्या धरपकडीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यापासून नानांना विटाळाचे वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. मीठही धुवायचे. हे सगळे लक्ष्मीबाई अशा काही सांगतात की वाचकाला हसू आवरत नाही आणि मग आपण त्या भागाला ‘विनोदी’ म्हणून पुढे जातो. मला वाटते, तिथे थोडे थांबायला हवे. नानांचे सोवळे हेही एक रोजचे नूतनीकरणच आहे. रोज सकाळी शुद्धी नव्याने मिळवायची, कारण कालची शुद्धी रात्रीत विटली. फरक एवढाच की या नूतनीकरणाला तळ नाही. जितके धुवावे तितके धुवायचे उरतेच. एक माणूस देवासाठी म्हणून अख्ख्या घराला वेठीला धरतो आणि त्याला स्वतःला एक दिवसही स्वस्थता लाभत नाही. पुस्तकाच्या तोंडाशीच लेखिकेने आपल्यापुढे ठेवले आहे ते भीतीवर उभे असलेले धर्माचरण. पुढे जे येईल ते याच्याशी ताडून पाहायचे आहे.

त्या दृष्टीने पुस्तकात पाणी तीनदा येते. पहिले नानांचे, धुण्याचे. दुसरे पिण्याचे. नवऱ्याकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटलेले नव्हते; ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. मग विचार करता करता त्या या ठिकाणी पोचल्या की जाती माणसांनी केल्या, देवाने नाही. आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. तिसरे पाणी बाप्तिस्म्याचे, १९०० सालातले. यांतल्या कोणत्या पाण्याला लेखिका किती जागा देते ते पाहा. दुसऱ्याची उलघाल ती मनापासून सांगते आणि तिसरे जवळजवळ ओघात उरकते. धर्मांतराच्या कथेच्या साच्यात हे उलटे व्हायला हवे होते. लक्ष्मीबाईंना साचा ठाऊक नव्हता असे नाही. मिशनच्या आवारात राहून तसली साक्ष त्यांनी कितीदा ऐकली असेल. पण आपल्याला काय घडले ते त्यांना पक्के माहीत होते. पाण्याचा तांब्या घेण्यापूर्वी कोणाचा हात ते न पाहणे, हे रोज करायचे होते, आणि ते जमू लागले तेव्हाच त्यांच्या लेखी खरा बदल झाला.

रमाबाईंच्या साक्षीत हाच भेद फार स्पष्ट शब्दांत आला आहे, म्हणून त्यांची आठवण इथे काढतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या निवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. तारखेवर समाधान मानायला त्यांनी नकार दिला आणि त्यासाठी मिशनऱ्यांचीही नाराजी पत्करली. कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाईला १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुली आणायला जाताना स्वतःच्या जुन्या भुकेची ओळख पटली असणार. लक्ष्मीबाई आणि रमाबाई या स्वभावाने दोन टोकांच्या स्त्रिया. एक विदुषी, करारी, हिशेबाला पक्की. दुसरी शाळेचे तोंड न पाहिलेली, चटकन रडणारी, त्याहून चटकन हसणारी. दोघींनी बाप्तिस्म्याला शेवट मानले नाही, हे मात्र समान.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांचे पडून पुन्हा उठणे, हे सगळे श्रद्धेच्या खात्यावर का मांडायचे? नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनू गोखलेचा तो मूळ स्वभाव नाही काय? सासऱ्यांचा जाच, टिळकांचे न सांगता घर सोडून जाणे, १८९५ नंतरची पाच वर्षांची ताटातूट, लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने काढलेले दिवस. या सगळ्यांत ती बाई तगली ती ख्रिस्ती होण्याआधीच. आक्षेपात तथ्य आहे. त्या पाच वर्षांत तिला तारणारी श्रद्धा ख्रिस्ती नव्हती, आणि पुस्तक तसे भासवतही नाही. पंढरपूरचे दिवस पंढरपूरचेच राहतात. मागाहून त्यांना ख्रिस्ती रंग दिलेला नाही. या प्रामाणिकपणाबद्दल लेखिकेचे जितके कौतुक करावे तितके थोडे.

पण तगणे एक आणि त्याविषयी लिहिणे दुसरे. देवदत्तांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या तेव्हा लक्ष्मीबाई विधवा होत्या, साठीच्या आसपास होत्या, आणि आयुष्यात ज्यांनी ज्यांनी छळले ते सगळे समोर ओळीने उभे करण्याची ती संधी होती. त्यांनी ते सगळे उभे केलेही. एकाचाही अपराध लपवला नाही. पण कोणावरही कालचा राग आज चालवला नाही. ‘स्मृतिचित्रे’चे प्रसंग बहुधा छोटे असतात. भांडण पेटते, टिळक संतापतात, बाजाराला दिलेल्या पैशांचे भलतेच काही होते, बाई रडतात किंवा टाकून बोलतात, आणि प्रसंग संपतो. पुढच्या प्रसंगात मागची शिल्लक काढली जात नाही. तिथे नवी सकाळ असते. मान्न्याचा नियम या निवेदनाला लागू पडतो : राखून ठेवला तर राग किडतो. स्वभाव माणसाला हसवू शकतो. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या दुःखांना दर पानावर नव्याने क्षमा करणे ही मला रियाजाची गोष्ट वाटते. असा रियाज ज्या उपासनेत रोज होतो त्या उपासनेची त्या बाईला कित्येक वर्षांची सवय होती. भाकरीच्या मागणीनंतर लगेच, त्याच प्रार्थनेत, क्षमेची मागणी येते.

नगरच्या प्लेगच्या दिवसांतला भाग या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. माणसे गाव सोडून झोपड्यांत राहत आहेत, सख्खे नातलग रोग्याजवळ जायला धजत नाहीत, आणि ही बाई शुश्रूषेला उभी राहते. तिला भीती वाटत नाही असे नाही. आपली भीती ती लपवतही नाही. त्यात कुठे शौर्याचा सूर लागत नाही की हौतात्म्याचा. एकेक काम येते, ते उरकावे लागते, मग पुढचे. अनाथ मुले घरी येतात तीही अशीच, मोठा निश्चय करून नव्हे, तर समोर मूल आहे आणि त्याला जेवायला हवे म्हणून. टिळकांच्या नगरच्या घरी पुढे बालकवी राहून गेले. त्या घरात कवी आणि अनाथ एकाच पंगतीला बसत. टिळकांच्या उदारपणाची वर्णने बरीच झाली आहेत. त्या उदारपणाचा स्वयंपाक कोणी केला हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर कळते.

टिळकांच्या बाजूने पाहिले तर चित्र गमतीचे होते. रोजच्या भक्तीचे शास्त्र त्यांना पत्नीपेक्षा कितीतरी अधिक कळत होते. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते नगरच्या खेड्यांतल्या माणसांच्या ओठांवर ठरत नाहीत, हे त्यांनी ओळखले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो अशी त्यांची धारणा होती. वारकऱ्याच्या घरात हरिपाठ हा नित्यनेम असतो. तो समजून म्हटला काय, झोपाळलेल्या डोळ्यांनी म्हटला काय, म्हटला जातो, आणि त्या सवयीत वाईट दिवस तरून जातात. अभंगाला हा रोजचा वापर जन्मापासून चिकटलेला आहे. टिळकांनी तो छंद घेतला तेव्हा वापरही घेतला. ‘उपासना संगीता’त त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि आजही ती टाळ-पेटीवर म्हटली जातात. काव्य म्हणून ‘अभंगांजली’ एकसारखी नाही, हे सांगायला हवे. जिथे टिळक सिद्धान्त समजावू लागतात तिथे अभंग प्रवचनासारखा पसरतो. जिथे ते लेकरू होऊन आजचेच काही मागतात तिथे चार ओळींत काम होते. गोडव्याचा अतिरेक हाही त्यांचा दोष. दुष्काळ-प्लेग पाहिलेल्या कवीच्या भक्तिगीतांत दुष्काळ-प्लेग इतके कमी का यावेत, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि इतके असूनही टिळक स्वतः रोजचे गृहस्थ नव्हते. ते उडीचे गृहस्थ होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही सगळे पुन्हा मुळापासून सुरू करण्याच्या त्याच ओढीने. त्या ओढीत काव्य होते, थोरवीही होती. पण दरबार मांडल्यावर चूल मांडावीच लागते. नित्यनेमाचे अभंग रचणारा कवी मोठ्या दिवसाची वाट पाहत राहिला आणि आपण भक्त असल्याचा दावाही न करणारी त्याची बायको दिवसामागून दिवस रेटत राहिली, हा विरोध ‘स्मृतिचित्रे’त भरून आहे. लेखिकेने तो एकदाही मुद्दा म्हणून मांडलेला नाही. तिला नवरा प्यारा होता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. व्याकरण न शिकलेली, संसारात अक्षरओळख झालेली विधवा नवऱ्याचे महाकाव्य पुरे करायला बसते, यात करुण काहीतरी आहे आणि हट्टीही. ‘ख्रिस्तायन’ मोठे काव्य आहे असे मी म्हणणार नाही. ‘स्मृतिचित्रे’च्या गद्यात जी लक्ष्मीबाई भेटते तिचा आवाज त्या ओव्यांत क्वचितच ऐकू येतो; पवित्र विषयापुढे ती पदर सावरून बसते. ओवीचे मात्र एक आहे. जात्यावरच्या बाईला ती एकदम सुचत नाही, दळण सरेल तशी एकेक येते. चौसष्ट अध्याय एका प्रेरणेत होत नसतात. ते रोजच्या बैठकीने होतात. शोक बाजूला ठेवून तिने हे केले असे समजण्याचे कारण नाही. शोकातच केले.

केडगावातही याच सुमाराला असे रोजचे काम चालू होते. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. त्यात त्यांची एका तपाहून अधिक वर्षे गेली. विद्वानांपेक्षा अल्पशिक्षित बायकांना कळावे हा त्यांचा हेतू होता. कान गेलेले, प्रकृती खालावलेली. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. वर्ष उलटायच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये. भाषा म्हणून त्या भाषांतरात ओबडधोबड जागा आहेत आणि चर्चने ते फारसे वापरले नाही. तरी मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या थोड्या महिन्यांत रमाबाईंनी कामाची बैठक सोडली नाही, हे विसरून त्या पुस्तकाचे मूल्यमापन करू नये.

या वाचनाची एक मर्यादा राहते. लक्ष्मीबाई, टिळक, रमाबाई ही तिन्ही ब्राह्मण घरांतली माणसे. त्यांचे धर्मांतर बातमी ठरले, कारण त्यांनी सोडले ते समाजाच्या लेखी मोलाचे होते. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. त्यांनी काय सोडले आणि त्यांना रोज काय मिळाले याची ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्याच तोंडून सांगू शकत नाहीत. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या हातचे पाणी घेतले हे आपल्याला कळते. ते पाणी देताना देणाऱ्या बाईला काय वाटले, हे कळत नाही. ‘भाकर’ या शब्दाचा पुरा अर्थ तिच्याकडे होता.

केडगावचे बायबल मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात छापले गेले. त्याचे खिळे जुळवले ते तिथे राहणाऱ्या मुलींनी आणि बायकांनी. त्यांतल्या कितीतरी दुष्काळात आलेल्या. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचे प्रत्येक अक्षर, विलापगीतातली ती सकाळ आणि तिच्यानंतरची ती दोन गीतेसुद्धा, त्यांच्या बोटांखालून गेले आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची नावे नाहीत.